जुनी जीप घेताना : रंग सगळ्यात शेवटी बघा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त क्लब हाऊसमध्ये झालेल्या कार्यक्रमातील भाषण. काही सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून काढले आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये स्कूटरी जास्त आणि मोटारी मोजक्या होत्या. आज पार्किंग हा आपल्या प्रत्येक सर्वसाधारण सभेतला सर्वात लांबलेला विषय असतो! त्यामुळे मी गाडीवर बोलणार म्हटल्यावर काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घाबरू नका, पार्किंगवर फार बोलणार नाही.

कार्यकारिणीने मला विषय विचारला तेव्हा मी ‘निवृत्तांचं आर्थिक नियोजन’ असं सांगणार होतो. पण त्याच आठवड्यात सी विंगमधली दोन मुलं घरी आली. “आजोबा, आम्हाला जुनी जीप घ्यायची आहे. तुम्ही बँकेत गाड्यांची कर्जं बघायचात ना? काय बघून घ्यायचं ते सांगा.” दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाची आई आली. “काका, तो तुमचं ऐकतो. नको घेऊ म्हणून सांगा त्याला. नोकरी लागल्यापासून साठवलेले सगळे पैसे घालायला निघालाय.” मी दोघांनाही एकच उत्तर दिलं. घे किंवा घेऊ नको हे मी सांगणार नाही. गाडी कशी बघायची ते सांगतो. त्याप्रमाणे बघितलीत, की घ्यायची की नाही हे गाडीच सांगेल.

हे सगळ्यांसमोर बोलायचं कारण एवढंच, की चार लाखांची जुनी वस्तू विकत घेण्याचा प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकावर कधी ना कधी येतो. आज जीप असेल, उद्या फ्लॅट असेल. बघायची पद्धत तीच.

आधी जीपविषयी थोडं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी सैन्यासाठी लाखो जीपगाड्या बांधल्या. आपल्याकडे १९४५ मध्ये जे. सी. आणि के. सी. महिंद्र हे बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलही. इथल्या कंपनीचं नाव १९४८ मध्ये ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. विलीजचे सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात झाली. उंच बॉनेटची सीजे-३बी अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढाच काळ निघाली, आपल्याकडे मात्र ती त्यानंतरही कितीतरी वर्षं निघत राहिली. मामलेदारांची जीप, पाटबंधाऱ्याची जीप, पोलिसांची जीप आणि सिनेमातली जीप, बहुतेक वेळा हीच. पुढे एमएम ५४०, कमांडर, मेजर आल्या. आमच्या मुलांना एमएम ५४० हवी आहे. म्हणजे त्यांच्या जन्माच्याही आधीची गाडी.

आता मुद्द्यावर येतो. बँकेत आम्हाला शिकवलेली एक गोष्ट मी आयुष्यभर वापरली. दोष दोन प्रकारचे असतात. एक पैशाने दुरुस्त होणारा. तो दोष नाही, तो खर्च आहे. आकडा काढा आणि किमतीतून वजा करा. दुसरा, पैशाने दुरुस्त न होणारा. तो सापडला, की किंमत कितीही कमी असली तरी नमस्कार करून घरी यायचं. गाडी बघायला जाणारा माणूस बहुतेक वेळा उलट करतो. रंग, टायर, सीट कव्हर, हॉर्न आधी बघतो. या सगळ्या पैशाने होणाऱ्या गोष्टी. त्यात मन अडकलं, की कागद आणि चेसिस बघायला डोळे उरत नाहीत.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. पहिले कागद, मग चेसिस, मग इंजिन, मग फोर बाय फोर, मग स्टिअरिंग-ब्रेक. रंग सगळ्यात शेवटी.

कागद म्हणजे आरसी बुक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून, तपासणी करून, दर वेळी ५ वर्षांसाठी ती वाढवून घ्यावी लागते. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. तेव्हा पहिला प्रश्न, नोंदणी कधीपर्यंत वैध आहे? “संपलीय, पण आरामात होऊन जाईल,” असं विकणारा म्हणाला तर त्याला हसून सांगा, “मग तुम्हीच करून द्या, आम्ही त्यानंतर घेतो.” आरामात होणारं काम त्याने अजून का केलं नाही, हा विचार आपण करायचा.

दुसरा प्रश्न, आरसीवर बँकेचा बोजा आहे का? आमच्या भाषेत हायपोथिकेशन. कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत द्यावा लागतो. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी फिटलेल्या कर्जाचा बोजा अजून आरसीवर असलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. कर्ज देणारी संस्थाच बंद झाली असेल तर तो कागद मिळवताना नाकी नऊ येतात.

तिसरा प्रश्न, आरसीवर इंधन काय लिहिलंय आणि बॉनेटखाली काय आहे? हा जुन्या जीपमधला सर्वात मोठा घोटाळा. सीजे-३बीला मुळात २.२ लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन. पेट्रोल महाग झाल्यावर असंख्य मालकांनी ते काढून डिझेल इंजिन बसवलं. एमएम ५४० ला २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन येत असे, पण तिथेही आज दुसरंच काहीतरी बसवलेलं सापडतं. इंजिन बदलणं हा स्वतः गुन्हा नाही. मात्र आरटीओची परवानगी घेऊन ते आरसीवर नोंदलेलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याविषयीच आहे. आरसीवर पेट्रोल आणि टाकीत डिझेल असेल तर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला आपणच कारण दिलं असं होतं.

चौथा प्रश्न, गाडी आली कुठून? दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव तर जीप बांधून देण्यासाठीच प्रसिद्ध आहे. तिथे तुम्हाला हवी तशी, हव्या त्या रंगाची, रुंद टायरची जीप मिळते. दिसते सुरेख. पण जुन्या नंबरवर नवी गाडी बांधलेली असेल तर कायद्याच्या दृष्टीने ती नक्की कोणती गाडी, हा प्रश्न आरटीओच्या खिडकीत उभा राहतो आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागतं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी हातात पाहिजे. आपल्याकडे पुन्हा रोड टॅक्स भरावा लागेल, तोही हिशेबात धरा.

हे सगळं आज ‘वाहन’ पोर्टलवर किंवा एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून बरंचसं दिसतं. नोंदणीची मुदत, बोजा, विमा, न भरलेली चलनं. फार जुन्या गाड्यांची नोंद कधी कधी संगणकावर चढलेलीच नसते. तशी असेल तर आधी विकणाऱ्याकडून ती चढवून घ्या.

आता चेसिस. इथे मी तुम्हाला बँकेतली एक जुनी पद्धत सांगतो. गाडीवर कर्ज देताना आम्ही चेसिस नंबरचा पेन्सिल छाप घ्यायचो. नंबर ठोकलेल्या जागेवर पातळ कागद ठेवायचा आणि मऊ पेन्सिल आडवी घासायची. लहानपणी नाण्याचा छाप काढायचो, तसं. नुसत्या डोळ्यांना न दिसणारं कागदावर दिसतं. आकडे एका ओळीत आहेत का, सगळे सारख्या खोलीचे आहेत का, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासलेला आहे का, नंबरच्या कडेने वेल्डिंग आहे का.

१९८० च्या दशकात मी पश्चिम महाराष्ट्रात एका तालुक्याच्या शाखेत होतो. त्या भागात जीपचा एकच धंदा, वडाप. माणसं आत, टपावर, मागच्या फूटरेस्टवर. एका शेतकऱ्याच्या मुलाला जुनी जीप घेण्यासाठी कर्ज हवं होतं. गाडी जिल्ह्याच्या गावच्या एका दलालाकडून ठरवलेली, बयाणाही दिलेला. नवा रंग, नवं हूड. मी छाप घेतला. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा उथळ होते आणि त्या जागेवर रंगाचा थर जाड होता. मी फाईलवर प्रतिकूल शेरा मारला. मुलगा चिडला. त्याचे वडील शाखेत येऊन मोठ्याने बोलून गेले. बयाणा बुडाला, त्याचं त्यांना दुःख होतं आणि ते साहजिकही होतं. नंतर तीच जीप शेजारच्या गावातल्या एका शिक्षकाने रोखीने घेतली. बायकोचे दागिने मोडून. चार महिन्यांनी पोलीस आले. गाडी चोरीची होती. ती मुद्देमाल म्हणून जप्त झाली आणि पोलीस ठाण्याच्या आवारात तिच्यावर वेल चढलेली मी पुढची दोन वर्षं येता-जाता बघत होतो. त्या मास्तरांचं काहीही चुकलं नव्हतं. त्यांनी इंजिन बघितलं होतं, चालवून बघितली होती, सगळं चांगलं होतं. फक्त नंबर बघितला नव्हता. हा पैशाने दुरुस्त न होणारा दोष.

नंबर जुळला, की चेसिसची तब्येत बघा. पुठ्ठा अंथरून गाडीखाली झोपा, कपडे मळतील. टॉर्च आणि लहान हातोडी बरोबर ठेवा. चेसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर जागोजागी हलके ठोका. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, गंजून पोकळ झालेलं बद्द वाजतं. पाट्यांचे हँगर, स्टिअरिंग बॉक्स बसवलेली जागा आणि आडव्या पट्ट्यांचे सांधे इथे तडे जातात. गाडी कोकण किनाऱ्यावर राहिलेली असेल तर जास्त काळजीने बघा. आणि खालून नुकताच जाड काळा रंग मारलेला दिसला तर तो कशासाठी मारला, हे विचारा.

मग टेप काढा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. सीजे-३बीचं ते ८० इंच असतं. एका बाजूला अर्धा-पाऊण इंच कमी भरलं तर गाडी कुठेतरी जोरात आपटलेली आहे किंवा पाटे सरकलेले आहेत. बॉडीसाठी घरातल्या फ्रिजवरचं लोहचुंबक न्या, फडक्यात गुंडाळून. पत्र्याला चिकटेल, जिथे लांबी भरलेली आहे तिथे गळून पडेल. पायाखालचं मॅट उचलून फ्लोअर बघा. पण बॉडी हा खर्च आहे, हे विसरू नका. जीपचा पत्रा आजही कारागीर बनवून देतात.

इंजिन थंड असताना सुरू करायचं. विकणाऱ्याला आधीच सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर चहा प्यायला जा आणि तासा-दीड तासाने या. सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून ऑइल बघा. दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी जातंय. रेडिएटरचं झाकणही गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको. चालू झाल्यावर धूर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, ते पंप-नोझलच्या कामाने सुधारू शकतं. पांढरा धूर थंड डिझेल इंजिनात थोडा वेळ चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर चांगलं लक्षण नाही. मग ऑइल भरायचं झाकण सैल करून बघा. तिथून भकाभका वाफारा आला तर त्याला मेकॅनिक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. म्हणजे इंजिनचं काम जवळ आलं. इंजिनचं काम महाग आहे, पण तोही खर्चच. दोन मेकॅनिकांकडून आकडा घ्या आणि किमतीतून वजा करा.

आता मुलांच्या आवडीचा भाग, फोर बाय फोर. जीप दिसते म्हणून ती फोर बाय फोर असेलच असं नाही. तशाच दिसणाऱ्या टू व्हील ड्राइव्ह गाड्याही निघाल्या. खाली वाकून बघा, पुढच्या ॲक्सलला मधोमध डिफरन्शियलचा गोळा आहे का आणि तिथपर्यंत जाणारा पुढचा शाफ्ट जागेवर आहे का. वडापवाल्यांना पुढच्या चाकांची ताकद लागत नसे. कितीतरी गाड्यांचे पुढचे शाफ्ट असेच काढून विकले गेले. शाफ्ट असेल तर माळरानावर किंवा मातीच्या रस्त्यावर, हाय आणि लो दोन्हींमध्ये लिव्हर टाकून चालवा. डांबरी रस्त्यावर नको. तिथे पुढची-मागची चाकं वळणावर वेगवेगळं अंतर कापतात आणि मधल्या गिअरवर विनाकारण ताण येतो. गिअर स्वतःहून सुटतो का, बघा. जुन्या सीजेच्या तीन गिअरच्या पेटीत पहिला गिअर गाडी थांबवूनच टाकायचा असतो, त्याचा कर्रकन आवाज म्हणजे बिघाड नव्हे.

स्टिअरिंग आणि ब्रेकबद्दल मी सगळ्यात कडक आहे, कारण इथे पैशाचा नाही, माणसांचा प्रश्न आहे. पुढचं चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. खेळ लागला तर किंगपिन किंवा व्हील बेअरिंग गेलंय. खड्ड्यावरून गेल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं आणि थांबेना, तर मेकॅनिक त्याला ‘व्हॉबलिंग’ म्हणतात. ब्रेकचं पेडल पूर्ण दाबून अर्धा मिनिट तसंच धरा. हळूहळू खाली गेलं तर कुठेतरी गळतंय. पुष्कळ जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकच लाइन असते. एका ठिकाणी पाइप फुटला, की चारही ब्रेक गेले. घाट उतरताना हे कळून उपयोग नाही. गाडी घेतलीत तर पहिल्या आठवड्यात ब्रेकचं सगळं रबर आणि पाइप नवे करा, चांगले दिसत असले तरी.

चालवून बघताना सोसायटीला एक चक्कर मारून परत येऊ नका. पंधरा-वीस किलोमीटर जा, त्यात एक चढ पाहिजे. तापमानाचा काटा बघा. आणि विकणाऱ्याला गाडी चालवू द्या, तुम्ही शेजारी बसा. तो कोणता गिअर टाळतो, ब्रेक किती आधी दाबतो, यावरून बरंच कळतं.

आता पैसे. चार लाख आहेत ना? मग गाडी पावणेतीन लाखांपर्यंतच बघा. उरलेले पहिल्या वर्षात लागणार आहेत. टायर, ब्रेक, वायरिंग, नोंदणी, विमा. व्यवहार रोखीत करू नका, चेकने किंवा बँकेतून करा आणि पावती घ्या. फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, की लगेच आरटीओत दाखल करा. विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा नियम आहे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायला अर्ज करा. यात विकणाऱ्याचाही जीव अडकलेला असतो. नोंद ज्याच्या नावावर, अपघाताची भरपाई त्याच्याच डोक्यावर, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. आपल्यापैकी कोणी जुनी गाडी विकली असेल आणि ती अजून तुमच्याच नावावर असेल, तर उद्याच चौकशी करा.

एक खुलासा. ५० वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीचे वेगळे नियम आले. पण तशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. तेव्हा “व्हिंटेज करून घेऊ” ही पळवाट नव्हे.

सोसायटीचा सभासद म्हणूनही दोन गोष्टी मागतो. स्टिल्ट पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या प्रत्येक गाडीचा विमा चालू पाहिजे आणि वायरिंग धड पाहिजे. टेप गुंडाळलेल्या उघड्या वायरी आणि ठिबकणारं इंधन यांच्या वरच्या मजल्यावर आपलीच माणसं झोपलेली असतात. ऑइल गळत असेल तर खाली ट्रे ठेवा आणि तो तुम्हीच साफ करा. आणि जीप आली की सोसायटीतली सगळी चिल्लीपिल्ली मागे चढणार, हे मला आजच दिसतंय. मागच्या आडव्या बाकांवर मुलांना बसवून गेटच्या बाहेर न्यायचं नाही. पुढच्या दोन सीटना बेल्ट बसवून घ्या आणि मागे माणसं न्यायची असतील तर समोर तोंड करून बसायची बेल्टवाली सीट आरटीओच्या नियमात बसेल अशी करा.

आता त्या ताईंना सांगतो. तुमच्या मुलाने आतापर्यंत तीन गाड्या बघितल्या. पहिलीचे कागद अपुरे होते, ती त्याने सोडली. दुसरीच्या आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल होतं, तीही सोडली, आणि ती रंगाने फार देखणी होती बरं का! तिसरीचा पेन्सिल छाप त्याने मला आणून दाखवला. आकडे स्वच्छ आहेत. चेसिस अजून बघायचंय, रविवारी आम्ही दोघं जाणार आहोत, हातोडी घेऊन. त्याने जीप घेतली किंवा नाही घेतली, तरी आवडलेल्या वस्तूला नाही म्हणायला तो शिकलाय. माझ्या नोकरीत याच गोष्टीसाठी आम्हाला पगार मिळायचा.

आपल्या सोसायटीने पंचवीस वर्षांत लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली, कन्व्हेयन्सचे कागद पूर्ण केले. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी सर्वांना शुभेच्छा देतो आणि थांबतो.